सायकल चालवताना ‘देश तसा वेश’ पुरेसा नाही

परदेशी शिकायला निघालेल्या मुलामुलींना घरची मंडळी जे चार शब्द आवर्जून सांगतात, त्यांत ‘देश तसा वेश’ हे सूत्र बहुधा असतेच. तेथील माणसे जशी वागतात तसे आपणही वागावे, म्हणजे चूक होत नाही, असा त्याचा व्यवहारी अर्थ. बहुतेक बाबतींत तो खराही ठरतो. जपानमध्ये सायकल चालवण्याच्या बाबतीत मात्र हाच सल्ला विद्यार्थ्याला अडचणीत आणू शकतो. तेथे सायकलीविषयी कायदा एक सांगतो आणि रस्त्यावरची रीत गेली अनेक दशके दुसरेच काही दाखवत आली आहे. हे अंतर मिटवण्याचे जपान सरकारने मनावर घेतले असून, त्यासाठी मे २०२४ मध्ये रस्ता वाहतूक कायद्यात दुरुस्ती करण्यात आली. तिच्या अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२६ ही आहे. या दिवसापासून सोळा वर्षे व त्यावरील वयाच्या प्रत्येक सायकलस्वाराला, मग तो जपानी असो वा परदेशी, मोटारचालकाप्रमाणे दंडाचे ‘निळे तिकीट’ मिळू शकते.

वरवर पाहता ही किरकोळ बाब वाटेल. परंतु जपानमधील विद्यार्थिजीवनाचा विचार केला, तर तिचे महत्त्व ध्यानात येते. मे २०२४ मध्ये त्या देशात सुमारे ३ लाख ३६ हजार परदेशी विद्यार्थी शिकत होते आणि २०३३ पर्यंत ही संख्या चार लाखांवर नेण्याचे सरकारचे उद्दिष्ट आहे. त्यांत भारतीयांचा वाटा लहान असला, तरी पुण्यासारख्या शहरात जपानी भाषेच्या अभ्यासाची परंपरा जुनी असल्याने त्यांत मराठी मुलेही असतात. वसतिगृह ते विद्यापीठ, विद्यापीठ ते रेल्वेस्थानक आणि तेथून अर्धवेळ नोकरीचे ठिकाण हा त्यांचा रोजचा प्रवास सायकलीवरच होतो. जपानमध्ये विद्यार्थ्याने पहिल्या महिन्यात विकत घेतलेल्या वस्तूंमध्ये सायकल हमखास असते.

निळे तिकीट म्हणजे काय?

आतापर्यंत सायकलस्वाराने नियम मोडला, तर पोलिसांपुढे दोनच मार्ग होते. एक तोंडी वा लेखी समज देऊन सोडून देण्याचा आणि दुसरा ‘लाल तिकीट’ देऊन फौजदारी प्रक्रिया सुरू करण्याचा. पहिल्याचा धाक नव्हता आणि दुसरा इतका जड होता की, प्रकरणे पुढे जाऊनही बहुतांश वेळा खटला भरला जात नसे. समज आणि खटला यांच्या मधली ही पोकळी निळ्या तिकिटाने भरून काढण्यात आली आहे. मोटारगाड्यांसाठी ही पद्धत जपानमध्ये फार पूर्वीपासून रूढ आहे. तिकीट मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सात दिवसांत बँकेत वा टपाल कार्यालयात रक्कम भरली, की प्रकरण तेथेच संपते. गुन्ह्याची नोंद होत नाही. रक्कम भरली नाही, तर मात्र फौजदारी कारवाईचा मार्ग मोकळा होतो.

या कक्षेत ११३ प्रकारचे नियमभंग येतात. हातात मोबाइल धरून सायकल चालविल्यास १२ हजार येन, रेल्वेफाटक बंद होत असताना आत घुसल्यास ७ हजार येन, लाल दिवा ओलांडल्यास अथवा रस्त्याच्या उजव्या, म्हणजे चुकीच्या बाजूने गेल्यास ६ हजार येन, रात्री बिनदिव्याने गेल्यास, ब्रेक सदोष असल्यास किंवा थांबण्याची खूण असलेल्या ठिकाणी न थांबल्यास ५ हजार येन, डबलसीट नेल्यास वा दोन सायकली शेजारी-शेजारी चालविल्यास ३ हजार येन, अशी ही श्रेणी आहे. एका हाती छत्री धरून सायकल हाकणे आणि भोवतालचा आवाज ऐकू येणार नाही अशा तऱ्हेने कानात इअरफोन घालणे, यांसाठीही ५ हजार येन मोजावे लागतात.

विद्यार्थ्याच्या खिशाच्या मापाने हे आकडे पाहावयास हवेत. ऑक्टोबर २०२५ पासून टोकियोतील किमान वेतन तासाला १,२२६ येन आहे. परवानगी काढलेल्या परदेशी विद्यार्थ्याला सत्राच्या काळात आठवड्याला २८ तासांपर्यंतच काम करता येते. म्हणजे चालत्या सायकलीवर मोबाइलच्या पडद्यावर नकाशा पाहण्याची किंमत जवळजवळ दहा तासांची मजुरी होते. नवख्या शहरात वाट शोधणारा परदेशी विद्यार्थीच या चुकीच्या मोहात सर्वाधिक पडतो, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

पदपथावरची सायकल

कायदा आणि रीत यांच्यातील अंतर कोठून आले, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९६० च्या रस्ता वाहतूक कायद्यानुसार सायकल हे हलके वाहन आहे. वाहन म्हटल्यावर तिची जागा रस्त्यावर, डाव्या कडेला. परंतु साठच्या दशकात जपानमध्ये मोटारींची संख्या झपाट्याने वाढली आणि अपघातांनी इतके उग्र रूप धारण केले की, त्या काळाला ‘वाहतूक युद्ध’ असे नाव पडले. एकट्या १९७० मध्ये रस्त्यांवर १६,७६५ माणसे मृत्युमुखी पडली. सायकलस्वारांना मोटारींच्या चाकांपासून वाचवण्यासाठी त्याच वर्षी काही ठराविक पदपथांवरून सायकल नेण्यास मुभा देण्यात आली. उपाय आणीबाणीतला होता. पण रस्त्यांवर सायकलींसाठी स्वतंत्र मार्ग आखण्याचे काम मागे पडले आणि अपवाद हाच नियम होऊन बसला. दोन-तीन पिढ्या पदपथावरून सायकल चालवतच मोठ्या झाल्या. पुढेमागे मुलांना बसवून बाजाराला निघालेली आई आणि कामावर निघालेला कारकून यांच्या सायकली पदपथावर दिसणे, हे जपानी शहराचे नेहमीचे दृश्य होय.

मोटारींपासून सायकलस्वार वाचला, पण पायी चालणारा त्याच्या वाटेत आला. वृद्धांची संख्या वाढत असलेल्या समाजात हा प्रश्न अधिकच नाजूक आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये राष्ट्रीय पोलीस संस्थेने ‘सायकल हे वाहन आहे’ या तत्त्वाची कसोशीने अंमलबजावणी करण्याचे आदेश दिले. जून २०१५ पासून तीन वर्षांत दोन वा अधिक वेळा धोकादायक रीतीने सायकल चालवताना सापडणाऱ्यांना प्रशिक्षणवर्ग सक्तीचा झाला. एप्रिल २०२३ पासून सर्व वयाच्या सायकलस्वारांनी हेल्मेट घालण्याचा प्रयत्न करावा, असे कायद्याने सांगितले. मात्र त्याला दंड जोडलेला नाही. अलीकडच्या काळातही वर्षाला सुमारे ७० हजार अपघातांत सायकलीचा संबंध येतो आणि एकूण वाहतूक अपघातांत त्यांचे प्रमाण पाचात एकाहून अधिक आहे. निळे तिकीट ही या मालिकेतील पुढची पायरी आहे.

आज कायदा असा आहे : सायकल रस्त्याच्या डाव्या कडेने चालवावी. पदपथावर जाण्याची मुभा तीन प्रसंगी आहे. माणसे आणि सायकल यांचे चित्र असलेला निळा गोल फलक तेथे असेल तर. चालवणारा तेरा वर्षांखालील, सत्तर वा अधिक वर्षांचा किंवा अपंग असेल तर. अथवा रस्त्याची वा रहदारीची स्थिती पाहता दुसरा मार्गच नसेल तर. पदपथावर गेल्यावरही रस्त्याकडील बाजूने, सावकाश जावे लागते आणि पादचाऱ्याला अडथळा होत असेल, तर थांबावे लागते. पदपथावरून जाण्याच्या नियमभंगाला ६ हजार येनांचा दंड आहे. तथापि केवळ पदपथावर दिसला म्हणून कोणाला तिकीट दिले जाणार नाही; वेगाने जाऊन पादचाऱ्यांना धोक्यात आणणाऱ्यांवर किंवा पोलिसांनी सांगूनही न ऐकणाऱ्यांवर कारवाई होईल, असे पोलिसांनी स्पष्ट केले आहे.

परदेशी विद्यार्थ्याची अडचण येथेच आहे. तो नियम पुस्तकातून शिकत नाही, समोरच्याला पाहून शिकतो. समोरचा जपानी गृहस्थ पदपथावरून, क्वचित उजव्या बाजूनेही जाताना दिसतो आणि हा समजतो की, येथे असेच चालते. पण त्या गृहस्थाला कोठे सवलत आहे आणि कोठे सूट संपते याची जन्मभराची जाण असते. कोणता पदपथ अरुंद, कोणत्या चौकात पोलीस उभा असतो, अंगावर कोणी ओरडले तर काय उत्तर द्यायचे, हे त्याला ठाऊक असते. नवख्याला यांतले काहीच ठाऊक नसते. पोलिसांना परिस्थिती पाहून निर्णय घेण्याची मुभा आहे खरी. पण परिस्थिती समजावून सांगण्याइतकी भाषा ज्याच्यापाशी नाही, त्याच्या वाट्याला त्या मुभेचा लाभ कमीच येणार.

दंडापलीकडचे धोके

निळ्या तिकिटाची चर्चा रकमांभोवती फिरत असली, तरी विद्यार्थ्याला अधिक महाग पडतील अशा गोष्टी त्या तिकिटाच्या कक्षेबाहेर आहेत. पहिली मद्याची. १ नोव्हेंबर २०२४ पासून मद्याचा ठराविक अंश शरीरात असताना सायकल चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा पाच लाख येनांपर्यंत दंड होऊ शकतो. येथे निळे तिकीट नाही, थेट फौजदारी प्रक्रियाच आहे. मद्य घेतलेल्या मित्राला आपली सायकल देणाऱ्यालाही तीच शिक्षा आहे आणि सायकलीने जाणार हे माहीत असून त्याला मद्य देणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा तीन लाख येनांपर्यंत दंडाची तरतूद आहे. वसतिगृहात रात्रीच्या मेजवानीनंतर ‘माझी सायकल घेऊन जा’ असे सहज म्हणणे किती जोखमीचे आहे, हे यावरून कळावे. मोबाइलमुळे प्रत्यक्ष धोका निर्माण झाला, तर तेथेही प्रकरण फौजदारीच होते.

दुसरी गोष्ट सायकलीच्या मालकीची. जपानमध्ये १९९४ पासून प्रत्येक सायकलीची चोरीप्रतिबंधक नोंदणी कायद्याने आवश्यक आहे. दुकानात काहीशे येन भरून ती होते आणि सायकलीवर क्रमांकाची चिकटपट्टी लावली जाते. रात्री पोलीस सायकलस्वाराला थांबवून हा क्रमांक पडताळून पाहतात. शिक्षण संपवून मायदेशी परतणारा विद्यार्थी आपली सायकल मागून आलेल्याला देऊन जातो, ही तेथील प्रेमळ पद्धत आहे. पण नोंदणी जुन्याच नावावर राहिली, तर नव्या मालकाला पोलीसचौकीत, ज्याला तेथे ‘कोबान’ म्हणतात, बसून ही सायकल आपल्याकडे कशी आली याचा खुलासा करावा लागतो. जुन्या मालकाने नोंदणी रद्द करणे, हस्तांतराची चिठ्ठी लिहून देणे आणि नव्याने आपल्या नावावर नोंद करणे, या तीन गोष्टींना अर्धा दिवस लागेल. पण पुढचे अनेक मनस्ताप वाचतील.

याहून गंभीर प्रकार बेवारस सायकलीचा. महिनोन् महिने एका जागी धूळ खात पडलेली, कुलूप नसलेली सायकल पाहून ‘कोणी टाकून दिलेली दिसते’ असे वाटणे स्वाभाविक आहे. ती उचलणे मात्र दुसऱ्याच्या ताब्यातून सुटलेली वस्तू बळकावण्याचा गुन्हा ठरतो आणि त्याला एक वर्षापर्यंत तुरुंगवास किंवा एक लाख येनांपर्यंत दंड आहे. सायकल जुनी होती, गंजलेली होती, हा बचाव तेथे पुरत नाही.

तिसरी गोष्ट विम्याची. २००८ मध्ये कोबे शहरात अकरा वर्षांच्या एका मुलाच्या सायकलीची धडक बसून एक महिला कायमची अंथरुणाला खिळली. २०१३ मध्ये न्यायालयाने मुलाच्या आईला सुमारे साडेनऊ कोटी येन भरपाई देण्याचा आदेश दिला. या निकालाने जपान हादरला. कोबे ज्या प्रांतात येते, त्या ह्योगो प्रांताने २०१५ मध्ये सायकलविमा सक्तीचा केला; पुढे इतर अनेक प्रांतांनी तोच मार्ग धरला आणि टोकियोत एप्रिल २०२० पासून तो बंधनकारक झाला. वर्षाकाठी विम्याचा हप्ता फार नसतो. परंतु विमा नसलेल्या विद्यार्थ्याच्या हातून असा अपघात घडला, तर त्याचे शिक्षणच नव्हे, तर गावाकडचे घरही पणाला लागू शकते. परदेशी निघताना आरोग्यविम्याची चौकशी करणाऱ्या पालकांनी हा प्रश्नही विचारावयास हवा.

ऑनलाइन बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या विजेच्या सायकलींबाबतही सावध राहणे बरे. पायडलला साह्य करणारी नियमानुसारची सायकल आणि पायडल न मारता धावणारी गाडी यांत जपानी कायदा स्पष्ट भेद करतो. दुसरीला परवाना, क्रमांकपट्टी आणि विमा हे सारे लागते.

घंटीचा अर्थ

नियमांइतकेच रीतिरिवाजही महत्त्वाचे. आपल्याकडे घंटी वाजवणे म्हणजे ‘मी येतो आहे, जरा बाजूला व्हा’ असे सांगणे. त्यात कोणाला गैर वाटत नाही. जपानमध्ये पदपथावरच्या माणसाला बाजूला सारण्यासाठी घंटी वाजवणे असभ्यपणाचे आहेच, शिवाय तो ३ हजार येन दंडाचा नियमभंगही आहे. घंटी फलकाने सांगितलेल्या ठिकाणी किंवा धोका टाळण्यापुरती. पुढे माणसे असतील, तर वेग कमी करावा, जागा होण्याची वाट पाहावी आणि गर्दी असेल, तर उतरून सायकल हातात धरून चालावे. सायकल हातात धरून चालणाऱ्याला कायदा पादचारीच मानतो.

पावसाळ्यात वाढलेल्या आपल्या मुलांना छत्रीचा मोह आवरणे कठीण जाते. तेथे रेनकोट घेणे हाच मार्ग. मोठ्या चौकात उजवीकडे वळताना मोटारींबरोबर तिरके न जाता आधी सरळ पलीकडे जावे, तेथे थांबावे आणि मग उजवीकडचा दिवा हिरवा झाल्यावर निघावे, अशी दोन टप्प्यांची पद्धत आहे. लाल उलट्या त्रिकोणावर ‘थांबा’ अशा अर्थाची जपानी अक्षरे दिसली, की रस्ता मोकळा असला तरी पाय टेकवून थांबणे इष्ट. स्थानकाजवळ सायकल कोठेही उभी केली, तर पालिकेची गाडी ती उचलून नेते आणि सोडवताना काही हजार येन मोजावे लागतात. भारताप्रमाणे जपानमध्येही वाहने डाव्या बाजूने चालतात, ही आपल्या विद्यार्थ्यांची एक जमेची बाजू आहे.

न्याय कोणाला, शिक्षा कोणाला?

या बदलावर जपानमध्ये टीकाही होत आहे आणि ती निराधार नाही. सायकलस्वाराने रस्त्यावर उतरावे, असे सांगताना रस्त्यावर त्याच्यासाठी जागा किती आहे? अनेक शहरांत डाव्या कडेला मालमोटारी उभ्या असतात आणि उरलेल्या चिंचोळ्या पट्टीतून बसगाड्या जातात. सायकलीला ओलांडताना मोटारीने पुरेसे अंतर ठेवावे, ते शक्य नसेल तर वेग कमी करावा, अशी तरतूद याच दुरुस्तीत आहे, हे योग्यच झाले. पण अर्धशतक मागे पडलेले सायकलमार्गांचे काम दंडाच्या पावत्यांनी पूर्ण होणार नाही. पदपथावरील सायकलस्वाराला आधी समज देण्याचे पोलिसांचे धोरण ही एका अर्थी या उणिवेची कबुलीच आहे.

त्याचबरोबर कायद्याची भूमिका समजून घेतली पाहिजे. रस्त्यावरचा सर्वांत दुबळा घटक पायी चालणारा आहे आणि मोटारीपुढे दुबळा असलेला सायकलस्वार त्याच्यापुढे बलवान ठरतो. बलवानाने दुबळ्याची काळजी घ्यावी, हे तत्त्व मोटारचालकाला लागू आणि सायकलस्वाराला मात्र नाही, असे म्हणता येणार नाही.

आपल्या विद्यार्थ्यांना हे सारे परके वाटते, याचे कारण आपल्याकडे सायकल कायद्याच्या नजरेतून जवळपास नाहीशी झाली आहे. मोटार वाहन कायद्यात ती बसत नाही, तिला परवाना लागत नाही आणि चौकातला पोलीस तिच्याकडे पाहतही नाही. नेहमी असे नव्हते. पुणे हे सायकलींचे शहर होते, त्या काळातील वाचकांना सायकलीचा नगरपालिकेचा बिल्ला, संध्याकाळ झाली की पेटवावा लागणारा दिवा आणि डबलसीट जाताना पोलीस दिसताच टुणकन उडी मारून उतरणारा मित्र आठवत असेल. नोंदणी, दिवा आणि डबलसीट. जपानच्या नियमांतील निदान तीन गोष्टी आपल्या आजोबांच्या पिढीला शिकवाव्या लागल्या नसत्या. सायकल रस्त्यावरून हटली, तशी तिच्यासोबतची शिस्तही आपण विसरलो.

तेव्हा जपानला निघालेल्या विद्यार्थ्याने सायकलीचे नियम भाषेच्या व्याकरणासारखे, आधी अभ्यासून मग वापरावेत, हे श्रेयस्कर. जपानी पोलिसांनी नव्या पद्धतीसाठी नियमपुस्तिका प्रसिद्ध केली आहे. प्रवेश देणाऱ्या संस्थांनी ती विद्यार्थ्याला समजेल अशा भाषेत पहिल्याच आठवड्यात त्याच्या हाती दिली पाहिजे. आणि विद्यार्थ्याने पहिल्या दिवशी तीन गोष्टी कराव्यात : नोंदणी आपल्या नावावर, विमा आपल्या नावावर आणि दिवा व ब्रेकची तपासणी. ‘देश तसा वेश’ हे खरेच. पण वेश कोणाचा घ्यायचा, समोरून घाईघाईने पदपथावर चढलेल्या सायकलस्वाराचा की त्या देशाच्या कायद्याचा, हे ठरविण्याइतका विवेक सोबत नेलेला बरा.